बिऱ्हाड बदलताना

पूर्वी शिक्षकाची बदली झाली म्हणजे साऱ्या घराचीच बदली होत असे. एस. टी.च्या टपावर ट्रंका, वळकट्या आणि पाटा-वरवंटा चढविला जाई. लोणच्याची बरणी मात्र आईच्या मांडीवर असे. गाडी हलण्यापूर्वी घरातील जाणती बाई रिकाम्या खोल्यांतून एकवार फिरून येई. कोनाड्यात काही राहिले आहे काय, खुंटीला काही अडकले आहे काय, फळीमागे काही पडले आहे काय, हे ती डोळ्यांत तेल घालून पाही. बहुधा काहीतरी सापडतच असे, आणि तेच नेमके मोलाचे असे.

मुलांनो, आज आपण अशाच एका बिऱ्हाडाची माहिती घेणार आहोत. हे बिऱ्हाड संगणकाचे आहे.

संगणक हे नुसते यंत्र आहे. कळफलकावर बोट पडले, ते कोणत्या अक्षरावर पडले, ते अक्षर पडद्यावर कोठे उमटवावे, कोणती फाइल कोठे ठेवावी, छपाईयंत्राला कागद ओढावयास केव्हा सांगावे, ही सारी व्यवस्था एक मोठी आज्ञावली पाहत असते. तिला संगणकाची कार्यप्रणाली म्हणतात. घरातील कारभारणीप्रमाणे ती स्वतः फारशी दिसत नाही. परंतु ती नसेल तर चूल पेटत नाही. पुष्कळ घरांतून आणि शाळांतून ‘विंडोज’ ही प्रणाली असते. तिच्या ‘विंडोज १०’ ह्या आवृत्तीला विनामूल्य मिळणारी नेहमीची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. काही जणांना थोडी अधिक मुदत मिळाली, एवढेच. पुढची आवृत्ती घ्यावी, तर ती यंत्रात एक विशिष्ट सुरक्षा-चकती आणि नव्या पिढीचा प्रक्रियक असल्याखेरीज चालत नाही, असा तिच्या निर्मात्यांचा नियम आहे. त्यामुळे धडधाकट असलेले कित्येक संगणक एकाएकी ‘जुने’ ठरले. अशा संगणकांचे मालक ज्या घराकडे वळतात, त्याचे नाव ‘लिनक्स’.

ह्या घराचा पाया एका विद्यार्थ्याने घातला. फिनलंड देशातील हेलसिंकी विद्यापीठात शिकणारा लिनस टोरवाल्ड्स हा एकवीस वर्षांचा तरुण १९९१ साली आपल्या संगणकासाठी कार्यप्रणालीचा गाभा लिहीत होता. आपला हा उद्योग केवळ छंद म्हणून चालला आहे, असे त्याने त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात इतरांस कळविले होते. त्याच्या कितीतरी आधी, १९८३ साली, अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी संपूर्ण मुक्त अशी प्रणाली घडविण्याचा संकल्प जाहीर केला होता आणि तिची पुष्कळशी अवजारे तयारही झाली होती. गाभा तेवढा राहिला होता. दोहोंचा मेळ बसला आणि एक पूर्ण प्रणाली उभी राहिली. तुमच्या घरातील अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे. जगातील सर्वांत वेगवान अशा ज्या ५०० महासंगणकांची यादी प्रसिद्ध होते, ते सर्वच्या सर्व २०१७ पासून लिनक्सवर चालतात. छंद कोठवर जाऊ शकतो, पाहा!

‘मुक्त’ म्हणजे काय, हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे. इंग्रजीत ‘फ्री’ हा एकच शब्द असल्यामुळे तिकडे ह्याविषयी बराच घोटाळा होतो. आपल्या भाषेत सुदैवाने ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ असे दोन शब्द आहेत. विहिरीवरचे इंजिन बंद पडले तर गावचा कारागीर त्याचे झाकण उघडतो, बिघाड शोधतो आणि हवे तर एखादा भाग स्वतः घडवून बसवितो. तेच झाकण कारखान्याने कायमचे सांधून टाकले असते, तर इंजिन फुकट मिळूनही शेतकरी परस्वाधीनच राहिला असता. लिनक्सचे झाकण उघडे आहे. तिची मूळ आज्ञावली कोणीही वाचावी, दुरुस्त करावी, तिची प्रत शेजाऱ्याला द्यावी; अट एवढीच, की सुधारलेली प्रत पुढे देताना तिचे झाकणही उघडेच ठेवावे. ह्याच मोकळीकीमुळे पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक ह्या संस्थेला भारतीय भाषांची सोय असलेली ‘बॉस’ नावाची प्रणाली २००७ साली देता आली, आणि केरळ राज्यातील शाळांना आपल्या मुलांपुरती वेगळी आवृत्ती तयार करून घेता आली.

हे सारे वाचून तुम्ही लगेच संगणकाकडे धावाल, म्हणून येथे मी माझी स्वतःची फजिती सांगतो. नोकरीत असताना मी आमच्या शाळेतील मुलांकडून जात्यावरच्या ओव्या जमवीत असे. मुले सुटीत आपापल्या आजीजवळ बसत आणि ऐकलेली ओवी वहीत उतरवून आणीत. अशा चारशेबारा ओव्या मी पुढे संगणकावर टंकलिखित केल्या. निवृत्तीनंतर मीही जुन्या संगणकावर लिनक्स बसविण्याचे मनावर घेतले. ओव्यांच्या फायली मी पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. एकदा नव्हे, दोनदा. मग निश्चिंत मनाने डिस्क पुसली, नवी प्रणाली बसविली आणि पहिली फाइल उघडली. पडद्यावर एकही मराठी अक्षर नव्हते! रोमन अक्षरे, कंस, स्वल्पविराम आणि कसलीकसली चिन्हे यांची नुसती रास पडली होती.

त्याचे कारण असे. संगणकाला अक्षर ठाऊक नसते. त्याला ठाऊक असतो तो अंक. आज जगातील बहुतेक लिप्यांसाठी ‘युनिकोड’ नावाची एक समाईक अंकव्यवस्था आहे. तीत देवनागरी ‘क’ला २३२५ हा अंक दिलेला आहे आणि तो अन्य कोणत्याही अक्षराला दिलेला नाही. म्हणून युनिकोडमध्ये लिहिलेला ‘क’ पुण्यात, पणजीत किंवा लंडनमध्ये कोणत्याही संगणकावर ‘क’च दिसतो. परंतु मी ज्या काळी ओव्या लिहिल्या, त्या काळी आपल्याकडे निराळी युक्ती रूढ होती. संगणकाच्या दृष्टीने लिहिले जाई रोमन अक्षरच; केवळ टंक, म्हणजे ज्याला आपण फॉन्ट म्हणतो तो, असा घडविलेला असे की त्या रोमन अक्षराच्या जागी ‘क’चे चित्र उमटावे. टंक म्हणजे जणू चष्मा. चष्मा असेपर्यंत सारे मराठी. चष्मा काढला की रोमन अक्षरांचा गोंधळ. शिवाय असा प्रत्येक टंक घडविणाऱ्याने आपली मांडणी निराळी ठेवली होती. मी फायली घेतल्या होत्या. ज्या टंकातून त्या वाचावयाच्या, तो टंक मात्र पुसलेल्या डिस्कवर राहिला होता. फळीमागे राहिलेली वस्तू ती हीच.

ह्यात लिनक्सचा काडीइतकाही दोष नव्हता. तो टंक नसलेल्या कोणत्याही संगणकावर हेच घडले असते. दोष माझ्या उतावळेपणाचा होता. पुढे माझ्या एका माजी विद्यार्थ्याने असे जुने लेखन युनिकोडमध्ये उतरविणारी एक आज्ञावली मिळविली. परंतु ती माझ्या टंकाची नव्हती, त्याच्या एका भावंडाची होती. त्यामुळे रफार भलत्या अक्षरावर बसले, ऱ्हस्व वेलांट्या सरकल्या आणि काही जोडाक्षरे ओळखू येईनात. बहुतेक ओव्यांची कागदी छापील प्रत माझ्या कपाटात होती. ती पुढे ठेवून मी साडेतीन महिने एकेक शब्द दुरुस्त करीत होतो. शेवटच्या एकतीस ओव्यांची छापील प्रत नव्हती. त्यांपैकी तीस अर्थावरून आणि लयीवरून जुळल्या. एकतिसावीच्या दुसऱ्या चरणातील एक शब्द मात्र लागेना. ती ओवी सांगणारी म्हातारी केव्हाच वारली होती, आणि जिने ती वहीत उतरविली, त्या मुलीची वही शाळेच्या रद्दीत गेली होती.

म्हणून नवशिक्याने पहिले काम करावयाचे ते संगणक बंद ठेवून, कागद-पेन्सिल घेऊन. आपण ह्या यंत्रावर काय काय करतो, ह्याची यादी करावी. निबंध लिहितो, चित्रे काढतो, आईच्या बचतगटाचा हिशेब ठेवतो, ताईच्या लग्नाची छायाचित्रे ठेवली आहेत, असे सारे लिहावे. मग प्रत्येक नोंदीपुढे, ही वस्तू नव्या घरात कशाने उघडेल, ते लिहावे. लिखाण आणि हिशेब यांसाठी ‘लिबरऑफिस’ आहे. इंटरनेटसाठी ‘फायरफॉक्स’ आहे. ही दोन्ही विंडोजवरही चालतात, हे विशेष ध्यानात घ्या. जुन्या घरात असतानाच महिनाभर ती वापरून पाहावी. मग घर बदलले तरी भांडी ओळखीचीच राहतात. जुन्या टंकांतील मराठी लेखन असेल, तर ते तेथेच युनिकोडमध्ये उतरवून घ्यावे, किंवा निदान त्याची पीडीएफ प्रत करून ठेवावी. पीडीएफमध्ये अक्षरांची चित्रे बहुधा बरोबरच बांधली जातात, त्यामुळे चष्मा हरवला तरी वाचता येते.

यादीतील एखाद्या वस्तूपुढची जागा रिकामी राहील. एखादा खेळ, एखादी विशेष हिशेबाची आज्ञावली किंवा एखादे छपाईयंत्र लिनक्सवर चालत नाही, असे घडते. कोणी काहीही सांगो, हे खरे आहे. वडिलांचा व्यवसाय अशा एका आज्ञावलीवर अवलंबून असेल, तर त्यांचा संगणक बदलण्याच्या भरीस पडू नये. आपला हट्ट पुरा व्हावा म्हणून दुसऱ्याचे काम अडवणे बरे नव्हे.

प्रती दोन ठिकाणी घ्याव्या आणि त्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्या. उघडून पाहिली नाही, ती प्रत घेतली असे समजूच नये. काही नव्या लॅपटॉपची डिस्क सांकेतिक कुलपाने बंद केलेली असते. त्या कुलपाची लांबलचक किल्ली मोठ्या माणसांच्या मदतीने शोधून कागदावर उतरवून ठेवावी.

आता घर पाहण्याविषयी. लिनक्सची एक गंमत अशी, की ते घर भाड्याने घेण्यापूर्वी त्यात दोन दिवस राहून पाहता येते. लिनक्सच्या निरनिराळ्या मांडण्या आहेत: डेबियन १९९३ पासूनची, उबुंटू २००४ पासूनची, आणि त्या दोहोंच्या पायावर उभी राहिलेली मिंट २००६ पासूनची. ही नावे ऐकून नवशिका गोंधळतो आणि दर आठवड्याला नवी मांडणी बसवितो. तसे करू नये. माझ्या मते विंडोजची सवय असलेल्याने मिंट घ्यावी आणि सहा महिने दुसरीकडे पाहू नये. ४ जीबी स्मृती असलेल्या यंत्रावर ती चालते. तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून ती उतरवून घ्यावी. तेथे फाइलशेजारी चौसष्ट अंकाक्षरांची एक खूण दिलेली असते. आपल्या संगणकाने उतरलेल्या फाइलवरून तीच खूण काढून दोन्ही ताडून पाहावयाच्या. फाइलमध्ये एका टिंबाचा जरी फरक पडला असेल, तरी सारी खूण बदलते. म्हणजे वाटेत काही बिघडले किंवा कोणी काही मिसळले, तर ते लगेच कळते. दूध घेताना आपण ते पाहून घेतो, तसेच हे.

मग किमान ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह घ्यावा. त्यावरील सारे पुसले जाणार, हे विसरू नये. त्यावर ही प्रणाली विशिष्ट रीतीने चढवावी लागते. नुसती फाइल ठेवून भागत नाही. संगणक सुरू होताना एक ठरावीक कळ दाबली, की तो डिस्कऐवजी पेनड्राइव्हवरून उठतो. ती कळ कोणती, हे यंत्रागणिक बदलते; कोठे एफ १२ असते, तर कोठे एस्केप. पडद्यावर नवे घर दिसू लागते, पण तुमच्या डिस्कला तुम्ही होऊन हात लावीपर्यंत धक्का लागलेला नसतो. येथे घाई करू नका. वायफाय लागते काय, आवाज येतो काय, छपाईयंत्र ओळखले जाते काय, लॅपटॉप मिटून उघडल्यावर जागा होतो काय, हे पाहा. पेनड्राइव्हवरून सारे थोडे संथ चालते, त्याने निराश होऊ नये.

प्रत्यक्ष बसविताना मोठे माणूस जवळ असावे आणि लॅपटॉपला वीज जोडलेली असावी. त्या वेळी एक प्रश्न विचारला जातो: डिस्क संपूर्ण पुसावी, की जुन्या प्रणालीशेजारी जागा करून द्यावी? संपूर्ण पुसण्यापूर्वी मघाची यादी पुन्हा वाचावी. मला विचाराल तर जुनी डिस्क काढून कपाटात ठेवावी आणि नवी लहान डिस्क घालावी, हा सर्वांत सुखाचा मार्ग. पण त्याला थोडा पैसा लागतो.

नव्या घरात पहिले काही दिवस चुकल्याचुकल्यासारखे वाटेल. येथे सी आणि डी अशा वेगवेगळ्या पेट्या दिसत नाहीत. सारी व्यवस्था एका झाडासारखी आहे आणि त्याचे मूळ वर, फांद्या खाली, अशी कल्पना करावी लागते. गीतेच्या पंधराव्या अध्यायातील अश्वत्थ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही कल्पना जड जाणार नाही. तुमची स्वतःची फांदी ‘होम’मध्ये असते, तीत मनसोक्त वावरावे. रोमन लिपीत नाव दिलेत, तर मोठे अक्षर आणि लहान अक्षर येथे वेगळी धरली जातात. आपल्या देवनागरीत असा भेदच नसल्यामुळे मराठी नावे देणारा ह्या त्रासातून सुटतो. सेटिंगमध्ये कळफलकाच्या सदरात जाऊन मराठी मांडणी निवडावी. तिला ‘इनस्क्रिप्ट’ म्हणतात. तीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताखाली, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली येतात. रोज अर्धा तास बसलात, तर महिन्याभरात न पाहता मराठी लिहू लागाल.

आज्ञावल्या इकडूनतिकडून उतरवून घेण्याची सवय येथे सोडावी लागते. मांडणी तयार करणाऱ्यांचेच एक कोठार असते. आज्ञावल्या तेथूनच घ्याव्या. ‘टाइमशिफ्ट’ नावाची एक सोय असते, ती पहिल्याच दिवशी चालू करावी. प्रणाली बिघडली तर ती मागील चांगल्या स्थितीवर नेता येते. मात्र तुमचे निबंध आणि छायाचित्रे ती साधारणतः जपत नाही. त्यांच्या प्रती तुम्हीच घ्यावयाच्या असतात.

कधीतरी कोणी तुम्हांला काळ्या चौकटीत एक ओळ टंकावयास सांगेल. ह्या चौकटीला टर्मिनल म्हणतात, आणि ती फार गुणी वस्तू आहे. तथापि, ज्या ओळीच्या प्रारंभी ‘सुडो’ हा शब्द आहे, ती ओळ साऱ्या घराच्या किल्ल्या मागते आहे, असे समजावे. तिच्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ कळेपर्यंत ती लिहू नये. फायली नाहीशा करणारी आज्ञा अवघी दोन अक्षरांची आहे, आणि ती दिल्यावर ‘खरेच पुसू काय?’ असे संगणक सहसा विचारीत नाही.

अडचण आली म्हणजे जाणत्यास विचारावे. पण ‘माझे चालत नाही’ एवढेच सांगितले, तर वैद्यालाही काही कळत नाही. आपण काय केले, काय व्हावयास हवे होते, काय झाले आणि पडद्यावर नेमके कोणते शब्द उमटले, ते जसेच्या तसे उतरवून द्यावे. उत्तर देणारा माणूस बहुधा आपल्या फावल्या वेळात, काही न घेता उत्तर देत असतो. लिनक्समधील मराठी शब्दसुद्धा अशाच माणसांनी घातलेले आहेत. पडद्यावर एखादा मराठी शब्द चुकीचा किंवा ओबडधोबड आढळला, तर तो त्यांना कळविता येतो, आणि तुमची दुरुस्ती पटली तर पुढच्या आवृत्तीत ती साऱ्यांच्या संगणकांवर दिसते. माझी एक दुरुस्ती अशी स्वीकारली गेली आहे. ती फक्त एका ऱ्हस्व-दीर्घाची होती.

चारशेबारा ओव्या आता युनिकोडमध्ये आहेत. एका ओवीतील एका शब्दाची जागा मी मोकळी ठेवली आहे आणि तेथे तांबड्या रंगाची खूण केली आहे. ती सांगणाऱ्या म्हातारीची सून अजून त्याच गावी राहते, असे कळले आहे. येत्या दिवाळीच्या सुटीत मी तिच्याकडे जाणार आहे; कदाचित तिला तो चरण येत असेल.